वापस करायचं नाही

मिरज स्टेशनातल्या आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वे टपाल सेवेत, मी एकतीस वर्षं सॉर्टर होतो. पिशवी फोडायची, समोरच्या केसमध्ये, म्हणजे लाकडी मांडणीच्या खणांत, पत्रं टाकायची, खण भरला की सुतळीनं गठ्ठा बांधून वर लेबल लावायचं आणि गाडी लागायच्या आत पिशवी सील करून फलाटावर न्यायची. एवढ्या वर्षांत माझ्या हातातून गेलेलं कुठलं पत्र कुणाला पोचलं, त्यानं ते वाचून काय केलं, हे मला कधी कळलं नाही. कळायची गरजही नव्हती. माझं काम पुढं पाठवण्याचं. निवृत्तीनंतर मी पुस्तकांच्या कामात पडलो. हेही काम तसंच, पुढं पाठवण्याचं आहे, एवढी गोष्ट उमजायला मात्र मला दोन वर्षं लागली.

सुरुवात महापुरात झाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा चढली. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ओसरल्यावर गावभागात आणि पेठांमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ढीग लागले. गाद्या, धान्याची पोती, फ्रीज आणि पुस्तकं. सांगलीच्या जुन्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं गेलीच, पण घराघरांतल्या खालच्या फळीवरचीही गेली. आम्ही ओळखीचे आठ-दहा जण मदतीला गेलो होतो. चिखल उपसता उपसता जी थोडी बरी दिसली ती पुस्तकं टेम्पोत टाकली आणि मिरजेला एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत आणून पसरली.

भिजलेलं पुस्तक दोन-तीन दिवसांत बुरशी धरतं. त्यामुळं रात्रंदिवस पंखे लावले, पानांमध्ये वर्तमानपत्राचे तुकडे घातले, दर चार तासांनी ते बदलले. साध्या, खरबरीत कागदाची पुस्तकं फुगतात, वाकडी होतात, पण वाचतात. गुळगुळीत आर्ट पेपरची पानं मात्र एकमेकांना चिकटली की त्यांची वीट होते. एका गृहस्थांचा चित्रांचा मोठा ग्रंथ मी तास-दीड तास पट्टीनं सोडवत बसलो होतो. शेवटी त्यातली चारच पानं हाताला लागली. ती त्यांनी घरी नेली.

पुस्तकं वाळली तेव्हा मालक शोधायला गेलो. पुष्कळांनी परत घेतली नाहीत. घरात ठेवायला कोरडी भिंत नव्हती. आणि गिरणीच्या दारात मात्र रोज कुणीतरी उभं राहून विचारायचं, ही पुस्तकं द्यायची आहेत का? दिली. मग पुण्या-मुंबईहून मदतीच्या सामानाबरोबर पुस्तकांची पोती येऊ लागली. संस्था नोंदवायचं ठरलं. त्याला सात माणसं लागतात, ती मिळाली. गिरणीच्या मालकांनी जागा तशीच राहू दिली. तिथंच आम्ही आजही आहोत.

लोकांना वाटतं, पुस्तकं मिळवणं अवघड असेल. अजिबात नाही. पुस्तकं पोत्यानं येतात. अवघड आहे ती निवड.

आमच्या केंद्रात भिंतीला एक लाकडी केस आहे, सुताराकडून मी आर.एम.एस.मधल्यासारखी करवून घेतलेली, फक्त खण मोठे. गठ्ठा आला की आधी तो पंधरा दिवस बाहेरच्या पडवीत राहतो, कारण कसर लागलेलं एक पुस्तक आत आलं तर शंभर पुस्तकं खातं. मग एकेक पुस्तक हातात घ्यायचं. कणा धरून तळहातावर दोनदा आपटायचं आणि काय पडतं ते बघायचं. मधोमध उघडून वास घ्यायचा. बोटानं शिवण दाबायची. दोरा सुटला असेल तर खळ आणि पुठ्ठ्याच्या टेबलावर ठेवायचं. शेवटची आठ पानं आहेत का ते बघायचं, कारण कादंबरीची नेमकी तीच गेलेली असतात. त्यानंतर खण. मुलांची, कथा-कादंबऱ्या, चरित्रं, शेती-आरोग्य-स्वयंपाक, देवाधर्माची, परीक्षेची, कन्नड, हिंदी-इंग्रजी. आणि सगळ्यांत खाली, सगळ्यांत मोठा खण रद्दीचा.

आलेल्यातलं निम्म्याच्या आसपास त्या खणात जातं, असं सांगितलं की देणाऱ्यांना राग येतो. पुस्तक रद्दीत कसं टाकता, सरस्वती आहे ती, असं मला तोंडावर ऐकवलं गेलं आहे. मी त्यांना दाखवतो. हा भारतीय दंड संहितेवरच्या पुस्तकांचा सुंदर बांधलेला संच. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. कलमांचे क्रमांकसुद्धा बदलले. कायद्याच्या पहिल्या वर्षाला असलेल्या गरीब मुलानं हा संच विश्वासानं नेला, तर त्याचं वर्ष जाईल. हे राज्यसेवा मुख्य परीक्षेचं बहुपर्यायी प्रश्नांचं गाईड. ती परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. हे औषधांच्या मात्रांचं वीस वर्षांपूर्वीचं पुस्तक. ज्याच्याकडं दुसरं पुस्तक नाही, त्याला चुकीचं पुस्तक देणं हा अपराध आहे, असं माझं ठाम मत आहे. पैसे असलेला माणूस दुसरं पुस्तक घेऊन पडताळा बघतो. फुकटचं नेणारा त्यालाच धरून चालतो.

एका मोठ्या कंपनीनं समाजकार्य म्हणून चार पोती पाठवली होती. फलक, हार, फोटो सगळं झालं. पोती उघडली तर यंत्रांच्या माहितीपुस्तिका आणि जुने वार्षिक अहवाल. त्या दिवसानंतर आम्ही एक नियम केला की पोतं उघडल्याशिवाय फोटो नाही, आणि नको असेल तर तिथंच नको म्हणायचं. देणाऱ्याला नाही म्हणायला मला सुरुवातीला फार जड गेलं. आता जात नाही.

रद्दीच्या पैशाचं आम्ही काय करतो, तेही सांगतो. या जिल्ह्यात दोन पुस्तकं कायम मागितली जातात, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांचं 'फकिरा' आणि माडगुळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी'. आटपाडीकडचा माणूस आला की हमखास 'बनगरवाडी' मागणार. पण ही पुस्तकं देणगीत जवळजवळ येतच नाहीत. ज्याच्या घरी आहेत तो सोडत नाही. मग रद्दी विकून आम्ही ती विकत आणतो. 'श्यामची आई'चं तसं नाही. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, साठ वर्षांनी लेखनाचा हक्क खुला झाला, त्यामुळं पुष्कळ प्रकाशकांनी ते काढलं आणि स्वस्तात मिळतं. दरसाल शंभरभर प्रती आम्ही घेतो आणि त्या उरत नाहीत.

आता चुकीबद्दल. पहिली दोन वर्षं आम्ही नोंदवही ठेवली होती. नाव, पत्ता, फोन, पुस्तकाचं नाव, सही. वाचून झाल्यावर परत आणा, असंही सांगायचो. हिशेब स्वच्छ हवा, अशी माझी सरकारी नोकरीची सवय. पण संध्याकाळी वही बघितली की पंधरा-वीस नावं, आणि त्यातली बहुतेक सुशिक्षित घरांतली, ज्यांना बाहेर कुठंही पुस्तक मिळालं असतं.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. अथणी, चिकोडी, विजापूर, पंढरपूर, जत, कुठून कुठून लोक पेशंट घेऊन येतात आणि पेशंटबरोबर आलेली माणसं व्हरांड्यात, जिन्याखाली, झाडाखाली आठ-आठ दिवस बसून असतात. एका रुग्णालयाच्या आवारात दर बुधवारी आम्ही टेबल लावतो. एकदा पन्नाशीच्या एक बाई टेबलाशी बराच वेळ उभ्या होत्या. गजानन महाराजांची पोथी त्यांनी हातात घेतली, कपाळाला लावली, पिशवीत ठेवू लागल्या. मी वही पुढं सरकवली. म्हटलं, "मावशी, इथं नाव लिहा आणि सही करा." त्यांनी वहीकडं बघितलं, पेनकडं बघितलं. "ऱ्हाऊ द्या दादा," म्हणाल्या, पोथी जागेवर ठेवली, सरळ केली आणि गेल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं की पत्ता काय लिहायचा हे कळत नव्हतं, की परत आणून द्यायची हमी त्यांना देता येत नव्हती, मला माहीत नाही. मी मागोमाग गेलो. त्या गर्दीत सापडल्या नाहीत.

त्या रात्री वही बंद केली. ती अजून कपाटात आहे.

वाचनालयांबद्दल मला नितांत आदर आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. आपल्याकडच्या माणसांनी ही घरं वर्गणी काढून तगवली. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून गावोगाव वाचनालयं उघडली आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेड्यांत पाठवल्या. आपल्या नाशिकच्या विनायक रानडे यांनी २००९ पासून 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पेट्या देशाबाहेरच्या मराठी माणसांपर्यंत नेल्या. पण अनामत, वर्गणी, पत्त्याचा पुरावा, पेटी बदलून देणारा गट, या सगळ्यात वाचक पुढच्या महिन्यातही त्याच ठिकाणी सापडणार, हे धरलेलं असतं. दवाखान्याच्या व्हरांड्यातला माणूस डिस्चार्ज मिळाला की संध्याकाळच्या गाडीनं जातो. त्याला वाचनालय काय करणार? त्याच्यासाठी पुस्तक देऊन टाकणं एवढाच मार्ग राहतो.

ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं सांगितली. पुस्तकं वापरासाठी असतात, हे त्यातलं पहिलं. वाचायला इतकं साधं, पण एका शाळेत मी त्याच्या उलटं डोळ्यांनी पाहिलं. तिथं आम्ही मुलांसाठी दोनशे पुस्तकं दिली होती. वर्षानं गेलो तर सगळी काचेच्या कपाटात, कुलूप लावून, जशी दिली तशी. मला संताप आला. गुरुजींनी शांतपणे डेडस्टॉक रजिस्टर काढून दाखवलं. प्रत्येक पुस्तकाची किमतीसह नोंद झालेली. तपासणीत एक जरी कमी निघालं तर जबाबदारी त्यांची, भरपाई त्यांच्या खिशातून. "काका, मुलांच्या हातात दिलं की पुस्तक फाटणारच," ते म्हणाले. त्यांचं काहीही चुकत नव्हतं. आम्ही एक शिक्का करून आणला, "नोंद करू नये. परत मागू नये. फाटल्यास हरकत नाही." तो आता प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर मारतो. त्या शाळेतली पुढची पुस्तकं वर्गात खिडकीच्या कट्ट्यावर राहिली आणि सहा महिन्यांत चिंध्या झाली. मला एवढा आनंद क्वचित झाला आहे.

या शिक्क्याचा खरा उपयोग ऊसतोडीच्या फडात होतो. दिवाळी झाली की गळीत हंगाम लागतो. बीडकडून, आणि आमच्याच जत-आटपाडीकडून टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी. त्या जोडीलाच कोयता म्हणतात, एक कोयता, दोन कोयते. कारखान्याच्या आसपास पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. आईबाप पहाटे चारला फडात, आणि दहा-बारा वर्षांची मुलगी कोपीपाशी धाकट्याला सांभाळत बसलेली. तिची गावातली शाळा नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत सुटलेलीच असते. या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, कितीतरी चांगल्या माणसांनी त्यांत आयुष्य घातलं, पण प्रत्येक फडापर्यंत त्या पोचल्या नाहीत.

आम्ही टेम्पोच्या फाळक्यावर पुस्तकं मांडतो. वाटत नाही, मांडतो. ज्यानं त्यानं आपल्या हातानं उचलायचं. हे शिकायलाही वेळ लागला. पहिल्या वर्षी आम्ही वयाप्रमाणं संच बांधून नेले होते, चित्रांचं एक, गोष्टींचं एक, 'किशोर'चा एक अंक. मुलांनी रांगेत उभं राहून घेतले, आणि आम्ही निघताना निम्मे संच कोप्यांबाहेर तसेच पडलेले दिसले.

दुसऱ्या वर्षी फाळक्यावर मांडली तेव्हा एक मुलगी आली. कडेवर भाऊ, नाकाला शेंबूड, हातात उसाचं कांडं. तिनं सगळी पुस्तकं एकदा नीट बघितली, गोष्टींची हातात घेऊन ठेवली, आणि मग कुणीतरी दिलेलं, पाठीचा कणा फाटलेलं, हळदीचे डाग पडलेलं कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' उचललं. माझ्याबरोबरच्या मुलीनं तिला सांगितलं, अगं ते मोठ्यांचं आहे, हे घे, यात हत्तीची गोष्ट आहे. मी तिला थांबवलं.

"आजोबा, हे किती दिवसानं वापस करायचं?"

"वापस करायचं नाही. तुझंच."

"अन् ह्यानं फाडलं तर?" तिनं कडेवरच्या भावाकडं बघितलं.

"फाडलं तर फाडू दे."

तिनं पुस्तक उघडलं, बोट ठेवून एक ओळ सावकाश वाचली आणि म्हणाली, "ह्यात वाटीनं सांगितलंय." मग हिशेबानं समजावून सांगितल्यासारखं, "आमच्यात वाटी हाये."

कमलाबाईंनी ते पुस्तक १९७० मध्ये लिहिलं तेव्हा ग्रॅमऐवजी वाटी आणि चमचा ही मापं ठेवली, ते घरी वजनकाटा नसलेल्या बायकांना जमावं म्हणून. पन्नास वर्षांनी एका कोपीसमोर ते असं पोचेल, हे त्यांच्या मनात आलं असेल की नाही कोण जाणे. पंधरा दिवसांनी आम्ही दुसरी खेप घेऊन गेलो तेव्हा तिची आई भेटली. म्हणाली, पोरगी रोज रात्री वाचून दाखवते, श्रीखंड, पुरी, काय काय. आम्ही नुसतं ऐकतो. बरं वाटतं. त्या कोपीत चुलीवर भाकरी होती आणि लाल मिरचीचा ठेचा. मला त्या वेळी काही बोलता आलं नाही. टोळी फेब्रुवारीच्या शेवटी दुसऱ्या कारखान्याच्या हद्दीत गेली. ती मुलगी पुन्हा दिसलेली नाही.

फुकटची पुस्तकं नेऊन लोक विकतात का, हा प्रश्न मला प्रत्येक भाषणानंतर विचारतात. हो, विकतात. एका माणसानं दोन पिशव्या भरून नेल्या आणि स्टेशन रोडच्या रद्दीवाल्याला किलोवर घातल्या. रद्दीवाल्यानं शिक्का बघितला आणि सायकलवर घालून सगळी परत आणून दिली. पैसे घ्यायला तयार होईना. "मामा, तुमचं मीठ खाल्लंय, पोराला माझ्या गणिताची पुस्तकं तुम्हीच दिली," म्हणाला. तेव्हापासून चांगलं पुस्तक रद्दीत आलं की तो बाजूला काढून ठेवतो. आमच्याकडच्या कितीतरी कादंबऱ्या त्याच्या तराजूवरून आल्या आहेत. आम्ही एका वेळी तीन पुस्तकं एवढी मर्यादा घातली, बाकी काही केलं नाही. दोन पिशव्यांच्या भीतीनं पुन्हा वही काढायची माझी तयारी नाही.

टपालाची एक अडचण मधे आली. लांबची माणसं रजिस्टर्ड बुक पोस्टनं पुस्तकं पाठवायची, ती सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि आमच्याकडं येणारी पार्सलं आटली. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झाली आहे. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर. जुना टपालवाला म्हणून सांगतो, पुस्तक पुठ्ठ्यात घाला, चारही कोपरे जाड करा, आणि आत एका चिठ्ठीवर पत्ता पुन्हा लिहा. बाहेरचं लेबल निघालं तर सॉर्टरला तेवढाच आधार असतो.

कन्नड पुस्तकांचा खण मात्र अजून रिकामाच असतो. दर बुधवारी दवाखान्यात कुणी ना कुणी हळूच विचारतं, कन्नडमधलं आहे का, आणि आम्ही नाही म्हणतो. मिरज हद्दीवरचं गाव; कृष्णेच्या दोन्ही काठांची माणसं इथं बरी व्हायला येतात. बेळगाव, निपाणी, अथणीकडच्या वाचकांपैकी कुणाच्या घरी कन्नड कथा, चरित्रं, मुलांची पुस्तकं असतील, तर त्यांनी ही गोष्ट मनावर घ्यावी.

आणि बाकीच्यांना एवढंच सांगणं आहे की दिवाळीच्या साफसफाईत पुस्तकं काढाल तेव्हा जुनी गाईडं आणि कायद्याची पुस्तकं थेट रद्दीवाल्याला द्या, आमच्याकडं आणू नका. राहिलेल्यातली मुलांची वेगळी बांधा, गठ्ठ्यावर 'मुलांची' असं मोठ्या अक्षरात लिहा आणि तुमच्या गावात असं काम करणाऱ्यांकडं लवकर पोचवा. टोळ्या नोव्हेंबरात येतात.